सडबरीचे वेसाइड इन : ही जुनी टॅव्हर्न नेमकी कोणत्या काळातली म्हणून जपायची?

घाटवाट :

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनहून वूस्टरकडे जाणाऱ्या वीस क्रमांकाच्या रस्त्याने पश्चिमेला निघाले, की सडबरी गावाची हद्द संपता संपता उजव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावर लालसर रंगाची, फळ्यांच्या भिंतींची आणि दुहेरी उताराच्या छपराची एक ऐसपैस लाकडी इमारत उभी आहे. तिचे आजचे नाव वेसाइड इन. ही जुनी टॅव्हर्न, म्हणजे वाटसरूंच्या खाण्यापिण्याची आणि मुक्कामाची सराय. फ्रेमिंगहॅम, ॲशलंड, श्रूझबरी या मराठी कुटुंबांची वस्ती असलेल्या गावांपासून ती जवळ असल्याने भारतातून आलेल्या पाहुण्यांना दाखवायच्या ठिकाणांत तिचा नंबर लागतो. बहुतेक मंडळी आवारातल्या पाणचक्कीसमोर छायाचित्र काढून परततात. जुन्या वास्तूचे जतन म्हणजे नेमके कशाचे जतन, हा प्रश्न या इमारतीइतका अडचणीचा होऊन क्वचितच समोर येतो, म्हणून हा धागा काढत आहे.

डेव्हिड हाऊ यांनी १७०७ च्या सुमारास येथे राहते घर बांधले आणि १७१६ मध्ये त्याच घरात वाटसरूंची सोय करण्याचा परवाना मिळवला. घर अगदी लहान होते. खाली-वर मिळून मोजक्याच खोल्या. पण ते बॉस्टन पोस्ट रोडवर होते आणि हाच त्याचा खरा ऐवज होता. न्यूयॉर्क ते बॉस्टन या वाटेने घोडेस्वार टपाल नेऊ लागले ते १६७३ पासून. त्याआधीच मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने गावात उतारूंसाठी खाण्यापिण्याची आणि मुक्कामाची जागा नसेल तर गावालाच दंड करण्याचा कायदा १६५६ मध्ये केला होता. म्हणजे टॅव्हर्न ही चैन नव्हती. रस्ता, पूल यांच्याप्रमाणेच ती गावाची जबाबदारी मानली जात होती.

डेव्हिड यांच्यानंतर त्यांचे पुत्र इझिकिएल यांच्या हाती कारभार आला आणि घराला ‘रेड हॉर्स टॅव्हर्न’ हे नाव पडले. १९ एप्रिल १७७५ रोजी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फोडणारी इंग्रज फौजेशी चकमक झाली, तेव्हा हेच इझिकिएल सडबरीच्या नागरी सैनिकांच्या तुकड्या घेऊन शेजारच्या कॉन्कर्ड गावी गेले होते. पुढे ॲडम आणि मग लायमन, अशा हाऊ घराण्याच्या चार पिढ्यांनी ही टॅव्हर्न चालवली. लायमन यांचे लग्न झाले नव्हते. १८६१ मध्ये ते वारले आणि घराण्याच्या हातून चाललेला व्यवसाय तेथे थांबला.

त्यानंतर कवी लाँगफेलो, नंतरचे मालक एडवर्ड लेमन आणि मोटारउद्योजक हेन्री फोर्ड, आणि डिसेंबर १९५५ मधली आग, असे चार टप्पे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर इमारत थोडी निराळी होते. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही वास्तू केवळ ‘अठराव्या शतकातली टॅव्हर्न’ म्हणून दाखवणे मला पटत नाही. तिच्यावर चढलेले सगळे थर, फोर्ड यांचा थर धरून, उघडपणे दाखवावेत. इतरांचे काय म्हणणे आहे?


टपालहंशील :

धागा उत्तम आहे. घोडागाडीची बाजू थोडी भरून काढतो, कारण या वास्तूला सगळेजण ‘स्टेजकोच टॅव्हर्न’ म्हणतात, पण तिच्या पहिल्या पासष्ट-सत्तर वर्षांत दारावरून नियमित प्रवासी गाडी जातच नव्हती. तेव्हाचे गिऱ्हाईक म्हणजे घोडेस्वार, टपालवाले आणि गुरे हाकत बॉस्टनच्या बाजाराला निघालेले शेतकरी. बॉस्टन ते हार्टफर्ड अशी नियमित घोडागाडी सुरू झाली ती १७८३ मध्ये, आणि ती सुरू करणारा लीव्हाय पीझ हा मूळचा लोहार होता. पहिल्या गाड्यांना भरवशाचे उतारू नव्हते आणि रस्त्यात दगडांची आणि चिखलाची कमतरता नव्हती. तरीही दोन-तीन वर्षांत त्याने न्यूयॉर्कपर्यंतची सेवा जुळवली आणि सरकारी टपाल घोडेस्वाराऐवजी गाडीतून नेण्याचे कंत्राटही मिळवले. टपालाचे पैसे ठरलेले असत, मग उतारू येवोत न येवोत. त्यामुळेच हा धंदा तगला. पीझने पुढे श्रूझबरीत स्वतःची टॅव्हर्न चालवली. आपल्यापैकी बरेच जण आज तेथे राहतात, म्हणून मुद्दाम उल्लेख केला.

गाडीचे घोडे दर दहा-पंधरा मैलांना बदलावे लागत. टॅव्हर्नची खरी कमाई तेथेच होती. तबेला, दाणा-वैरण, लोहारकाम, घोडे बदलेपर्यंत उतारूंना गरम काहीतरी आणि रात्र झाली तर बिछाना. बिछाना एकट्याला मिळेलच, याची हमी नसे. अनोळखी माणसाशेजारी पडावे लागणे ही तक्रारीची बाब समजली जात नव्हती. गावची वर्तमानपत्रे, पत्रे आणि खबरी टॅव्हर्नच्याच ओट्यावर उतरत आणि पंचायतीच्या बैठका, लिलाव, तुकड्यांची कवायत हेही आसपासच होई.

येथे एक घोटाळा होण्याची शक्यता असते, म्हणून लिहितो. चित्रांत दिसणारी सुप्रसिद्ध ‘कॉन्कर्ड कोच’ ही सडबरीशेजारच्या कॉन्कर्डची नव्हे. ती न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कर्ड शहरात ॲबट आणि डाउनिंग यांच्या कारखान्यात १८२७ पासून बनू लागली. तिचा सांगाडा पोलादी स्प्रिंगवर न ठेवता चामड्याच्या जाड पट्ट्यांच्या थरांवर तोललेला असे. त्यामुळे खड्ड्यातला दणका घोड्यांच्या अंगावर न जाता गाडी पुढे-मागे झुलत असे. आत तीन बाकांवर नऊ उतारू दाटीवाटीने बसत आणि मधल्या बाकाला पाठ नसल्याने तेथल्यांना टेकायला चामड्याचा एक पट्टा लावलेला असे. हे सगळे ऐश्वर्य या रस्त्यावर फार काळ टिकले नाही, कारण १८३५ मध्ये बॉस्टन ते वूस्टर रेल्वे सुरू झाली.


मीटरगेज :

रेल्वेचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुरा करतो. ती रेल्वे सडबरीतून गेलीच नाही. ती दक्षिणेकडून, फ्रेमिंगहॅम, ॲशलंड, वेस्टबरो अशी गेली. आज आपण ज्या लोकल गाडीने बॉस्टनला कामाला जातो, तिचा मार्ग तोच आहे. म्हणजे १८३५ पर्यंत फ्रेमिंगहॅमचा माणूस आणि सडबरीचा माणूस वाहतुकीच्या दृष्टीने साधारण सारखाच होता, आणि नंतर एक रुळावर आला व दुसरा बाजूला पडला. रेल्वेमार्गावरच्या टॅव्हर्न पाडून त्यांच्या जागी मोठी हॉटेले आली. बाजूला पडलेल्या टॅव्हर्न मात्र पाडण्याइतका पैसा कोणाकडे नव्हता, म्हणून त्या उभ्या राहिल्या. वेसाइड इन टिकण्याचे पहिले कारण हे साधे दारिद्र्य आहे आणि जतनाच्या इतिहासात त्याला कोणी फारसे श्रेय देत नाही.

पुढे १८८१ मध्ये सेंट्रल मॅसॅच्युसेट्स लोहमार्ग सडबरीतून गेला आणि त्यावर ‘वेसाइड इन’ याच नावाचे एक लहानसे स्थानकही झाले. तोवर लाँगफेलो यांच्या ‘टेल्स ऑफ अ वेसाइड इन’ (वाटेवरच्या सरायीतल्या कथा) या काव्याने जागेला नाव मिळवून दिले होते. घोडागाडीने प्रवास करणारे संपले होते. घोडागाडीचा काळ पाहायला येणारे सुरू झाले होते.


शंकासूर :

माहिती रोचक आहे, परंतु या वास्तूबद्दल जे दावे केले जातात त्यांची छाननी झाली पाहिजे असे वाटते.

पहिला दावा ‘अमेरिकेतले अखंड चालू असलेले सर्वांत जुने इन’ हा. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची ‘व्हाइट हॉर्स टॅव्हर्न’ १६७३ पासूनची आहे, म्हणजे ती चाळीसहून अधिक वर्षांनी जुनी ठरते. तेथे आता मुक्कामाची सोय नाही, फक्त जेवण मिळते, असा खुलासा केला जातो. ठीक आहे. पण मग सडबरीत १८६१ ते १८९७ या काळात काय चालले होते? त्या अवधीत जागा भाड्याने दिली जाई आणि दिवाणखान्यात गावाचे नाचाचे कार्यक्रम होत. वाटसरूंसाठी रीतसर चालणारी टॅव्हर्न तेथे नव्हती. ‘अखंड’ हा शब्द मग कोणत्या आधारावर लावायचा?

दुसरा दावा काव्याचा. लाँगफेलो ३१ ऑक्टोबर १८६२ रोजी प्रकाशक जेम्स फील्ड्स यांच्यासोबत सडबरीला आले, तेव्हा लायमन हाऊ वारून वर्ष उलटून गेले होते आणि जागेला उतरती कळा लागली होती. कवीने पाहिली ती जवळजवळ ओस पडलेली टॅव्हर्न, आणि १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यात दिसते ती शेकोटीभोवती गोष्टी सांगणाऱ्या मित्रांनी भरलेली. त्यातला यजमान लायमन यांच्यावरून बेतलेला आहे आणि बाकीचे पाहुणे कवीच्या ओळखीच्या निरनिराळ्या माणसांवरून, जे त्या घरात एकत्र कधी जमलेच नव्हते. कवीला हे स्वातंत्र्य आहेच. पण त्या काव्याच्या जोरावर एडवर्ड लेमन यांनी १८९७ मध्ये वास्तू विकत घेतली, तिला ‘लाँगफेलोज वेसाइड इन’ असे नाव दिले आणि जुन्या वस्तू आणून ती सजवली. तेव्हापासून पाहुणे पाहतात ते हाऊंचे घर, की कवितेसाठी लावलेले नेपथ्य?

तिसरा दावा आवारातल्या लाल शाळेचा. फोर्ड यांनी ती १९२६ च्या सुमारास स्टर्लिंग गावाहून हलवून येथे आणली आणि ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ या बालगीतातल्या मेरीचे कोकरू शाळेत गेले ते याच शाळेत, असे सांगितले गेले. त्या बालगीताच्या जन्माबद्दल अमेरिकेत जुना वाद आहे, हे निदान फलकावर लिहायला हवे होते.


वास्तुरेषा :

शंकासूर यांच्या शंका रास्त आहेत, पण नेपथ्य हा शब्द मला जरा अन्यायकारक वाटतो. मी वास्तुजतनाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून इमारतीच्या अंगाने लिहिते.

हे घर एकाच वेळी बांधलेले कधीच नव्हते. दोन खोल्यांच्या घराला बाजूला दोन खोल्या जोडल्या गेल्या, नंतर दुहेरी उताराचे छप्पर चढवून वरच्या मजल्यावर जागा मिळवली गेली, मागे विस्तार होत गेला. आपल्याकडच्या वाड्याला सोपा, माडी, मागची खोली अशी पिढीगणिक भर पडत जाते, तसेच हे आहे. सांगाडा जाड लाकडी खांब आणि तुळयांचा, खाचा पाडून लाकडी खुंट्यांनी जखडलेला. अशा घरात ‘मूळ’ म्हणून एकच वर्ष निवडायचे ठरवले, तर त्यानंतरचे सगळे तोडून टाकावे लागेल.

समोरच्या जुन्या बाररूमचे उदाहरण घ्या. बुटके छत, उघड्या तुळया, आणि कोपऱ्यात लाकडी गजांच्या पिंजऱ्यासारखा आडोसा केलेला बार. वरून खाली सोडायची लाकडी जाळी आहे. रात्री व्यवहार संपला की ती खाली येई आणि मद्य सुरक्षित राही. एवढी एकच वस्तू नीट पाहिली, तरी टॅव्हर्नच्या अर्थव्यवस्थेबद्दल बरेच कळते. परक्या माणसांना रात्रभर घरात झोपवायचे होते आणि रम ही महाग गोष्ट होती. दुसरी वस्तू म्हणजे खिडकीचे एक तावदान. २४ जून १७७४ ही तारीख घालून विल्यम मॉलिन्यू या बॉस्टनच्या पाहुण्याने हिऱ्याने काचेवर चार ओळी कोरल्या. लाँगफेलो यांनी ते तावदान पाहून काव्यात त्याचा उल्लेख केला आणि त्यामुळे ते पुढच्या प्रत्येक मालकाने जपले. म्हणजे कवितेने वस्तू वाचवली. नेपथ्य तयार करणाऱ्यांनीच खऱ्या वस्तूही राखल्या, ही गुंतागुंत लक्षात घ्यावी लागते.

आता आगीबद्दल. डिसेंबर १९५५ मध्ये ऐन कडाक्याच्या थंडीत लागलेल्या आगीत इमारतीच्या मोठ्या भागाची राख झाली. फोर्ड फाउंडेशनने दिलेल्या निधीतून दुरुस्ती झाली आणि १९५८ मध्ये ती पुन्हा उघडली. त्या वेळी जे निर्णय घेतले गेले, त्यांत घराला हाऊंच्या काळाच्या जवळ नेण्याकडे कल होता. आज पाहुणा ज्या फळ्यांवर हात ठेवून ‘तीनशे वर्षे’ असे म्हणतो, त्यांतल्या अनेक फळ्या आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असतानाच्या आहेत. माझ्या मते यात लाजण्यासारखे काही नाही. फक्त ते सांगितले पाहिजे. हल्लीच्या जतनशास्त्रात नव्या लाकडावर मागच्या बाजूला वर्ष कोरून ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे पुढच्या दुरुस्ती करणाऱ्याची फसगत होत नाही.


घाटवाट :

सर्वांचे आभार. शंकासूर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. काव्याचे नाव आधी ‘सडबरीच्या कथा’ अशा अर्थाचे ठरले होते. ते तसेच राहिले असते, तर कदाचित सगळ्या गावाला प्रसिद्धी मिळाली असती आणि ही एक इमारत त्यात हरवून गेली असती. नाव बदलले आणि ‘वेसाइड इन’ हेच केंद्र झाले.

परंतु माझ्या मते खरा कसोटीचा थर फोर्ड यांचा आहे. हेन्री फोर्ड यांनी १९२३ मध्ये ही टॅव्हर्न विकत घेतली आणि नंतर आसपासची सुमारे तीन हजार एकर जमीन गोळा केली. मिशिगनमध्ये डिअरबॉर्नला त्यांनी पुढे जे मोठे संग्रहालय-गाव उभारले, त्याची तालीम येथे झाली, असे म्हणता येईल. १९२९ मध्ये चालू पाणचक्की बांधली, जिचे जात्यावरचे पीठ आजही स्वयंपाकघरात वापरले जाते आणि १९५० च्या दशकात पेपरिज फार्म ही पाव बनवणारी कंपनी येथून दळून नेत असे. १९३८ च्या चक्रीवादळात याच आवारात उन्मळून पडलेल्या झाडांच्या लाकडातून १९४० मध्ये प्रार्थनागृह बांधले आणि त्याला स्वतःची आई मेरी व सासूबाई मार्था यांची नावे दिली. छायाचित्रांत सर्वाधिक येणाऱ्या या दोन्ही वास्तू घोडागाडीने कधी पाहिलेल्या नाहीत. चक्की पाहून ‘किती जुनी’ असे उद्गार काढणाऱ्यांना ती फोर्ड यांच्या मॉडेल टी मोटारीपेक्षा वयाने लहान आहे हे सांगितले, की बहुतेकांचा चेहरा पडतो.

आणि सर्वांवर कडी म्हणजे रस्ता. मोटारींच्या धक्क्यांनी जुने घर हादरते, म्हणून फोर्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस पदरमोड करून पोस्ट रोड दक्षिणेला वळवला आणि टॅव्हर्नसमोरचा जुना तुकडा शांत केला. लाखो मोटारी विकून घोडागाडीचा काळ ज्याने संपवला, त्यानेच मोटारींना या दारापासून दूर हाकलले. मात्र टॅव्हर्न मुळात रस्त्यासाठी होती. रस्ताच काढून घेतल्यावर जे उरले, ते जतन झाले की त्याचे रूपांतर झाले, हे ज्याने त्याने ठरवावे. मला वैयक्तिकरीत्या वाटते की रस्ता वळवला नसता तर इमारत आज पेट्रोलपंपांच्या आणि दुकानांच्या रांगेत अडकली असती.


मीटरगेज :

फोर्ड यांच्या थराची चर्चा होते, तेव्हा त्यातली माणसेही सांगायला हवीत. १९२८ ते १९४७ या काळात त्यांनी येथे मुलांची शाळा चालवली. अनाथ आणि गरीब घरांतली मुले येथे राहत, सकाळी वर्ग आणि उरलेला वेळ शेती, दुरुस्ती, बागकाम अशा कामांचे शिक्षण. टॅव्हर्नचा परिसर इतका नीटनेटका दिसे, त्यामागे या मुलांचे श्रम होते. त्यांच्याविषयीचा फलक चक्कीच्या फलकाइतकाच मोठा असावा, असे मला वाटते.

फोर्ड स्वतः मद्याच्या थेंबाला शिवत नसत आणि त्यांनी जागा घेतली तेव्हा देशभर दारूबंदीही होती. त्यामुळे अमेरिकेतली नामांकित टॅव्हर्न कित्येक वर्षे दारूशिवाय चालली. बाररूमची जाळी होती, पण तिच्यामागे राखण्यासारखे काही नव्हते. फोर्ड यांना जुन्या चालीच्या नाचांचे मात्र मोठे वेड होते. येथेच भेटलेल्या बेंजामिन लव्हेट या नृत्यशिक्षकाला त्यांनी डिअरबॉर्नला नोकरीवर नेले.

जवळच्या नॉब्सकॉट टेकडीच्या बाजूला जंगलात त्यांनी बांधलेला दगडी बंधारा अजून उभा आहे. आवाराला पाणीपुरवठा व्हावा म्हणून बांधलेला. पण खालची जमीन पाणी धरेना आणि तलाव कधी भरलाच नाही. गावकरी त्याला ‘फोर्डचा खुळेपणा’ म्हणतात. पायवाटेने तेथे जाता येते, आणि चक्कीपाशी गर्दी असेल तेव्हा मी पाहुण्यांना तिकडेच नेतो.


टेम्सकाठ :

इंग्लंडमधून लिहितो आहे. आमच्याकडच्या, लंडनमधल्या साउथवर्क भागातल्या ‘जॉर्ज इन’शी तुलना उपयोगी पडेल. लंडनमधली सज्ज्यांची घोडागाडी-सराय म्हणून ती एकच उरली आहे. १६७६ च्या आगीनंतर ती लगेच पुन्हा बांधली गेली. चौकाच्या तिन्ही बाजूंना सज्जे होते. एकोणिसाव्या शतकात जागा रेल्वे कंपनीकडे गेली आणि तिने गोदामासाठी दोन बाजू १८८९ मध्ये पाडून टाकल्या. उरलेली दक्षिण बाजू १९३७ मध्ये वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आली. शेजारची ‘टॅबर्ड’ तर १८७३ मध्येच पाडली गेली होती, आणि ती तर इंग्रज कवी चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या यात्रेकरूंची सराय.

म्हणजे सडबरीत साहित्याने इमारत वाचवली आणि साउथवर्कमध्ये त्याहून थोर साहित्य शेजारी असूनही वाचवू शकले नाही. फरक जमिनीच्या भावाचा असावा. लंडन ब्रिजच्या टोकाला असलेल्या चौकाची किंमत आणि सडबरीच्या कुरणाची किंमत यांत तेव्हाही जमीन-अस्मानाचा फरक होता. मीटरगेज यांनी दारिद्र्याचा जो मुद्दा मांडला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे. जॉर्ज इनबद्दल मला आवडते ते असे, की तोडलेल्या दोन बाजू पुन्हा बांधण्याच्या फंदात कोणी पडले नाही. चौक तसाच अपुरा आहे आणि सज्ज्याखाली बसून लोक बिअर पीत असतात.


वास्तुरेषा :

टेम्सकाठ यांच्या प्रतिसादामुळे अमेरिकेतली काही उदाहरणे आठवली. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गची ‘रॅली टॅव्हर्न’ १८५९ मध्ये जळून नष्ट झाली होती. पाया आणि जुनी चित्रे यांवरून ती नव्याने बांधून १९३२ मध्ये खुली केली गेली. त्याच राज्यातली ‘मिची टॅव्हर्न’ १९२७ मध्ये सुटी करून, प्रत्येक भागावर क्रमांक घालून, मॉन्टिसेलोजवळ हलवण्यात आली, कारण राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांचे तिथले घर पाहायला येणारे पर्यटक तिकडे होते. न्यूयॉर्कची ‘फ्रॉन्सेस टॅव्हर्न’ तर १९०७ मध्ये अशा तऱ्हेने सावरली गेली, की तिचे दर्शनी रूप बरेचसे अंदाजाने ठरवलेले आहे. व्हर्जिनियातल्याच अलेक्झांड्रियाच्या ‘गॅड्सबी टॅव्हर्न’च्या नाचघराचे लाकूडकाम १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने विकत घेऊन नेले, आता त्या जागी त्याची हुबेहूब नक्कल आहे आणि अस्सल नाचघर संग्रहालयात आहे.

या रांगेत सडबरी कुठे बसते? जागा तीच आहे, व्यवसाय मध्ये खंड पडूनही तोच आहे, सांगाड्याचा काही भाग जुना आहे, बाकी दुरुस्त आहे. जतनाच्या दृष्टीने ही सर्वांत चांगली अवस्था आहे असे मी म्हणेन, कारण तेथे अजूनही माणसे झोपतात. ज्या इमारतीत रोज चुली पेटतात आणि पाण्याचे नळ चालतात, तिथली गळती त्याच आठवड्यात लक्षात येते. दोरी लावून बंद ठेवलेल्या खोलीत ती वर्षभर कोणाला दिसत नाही. उलट बाजूही आहे: चालू स्वयंपाकघर म्हणजे आगीची टांगती तलवार, आणि आधुनिक पाणीफवारे, धूरसूचक, दिव्यांगांसाठी उतरण हे सगळे तीन शतकांच्या लाकडात बसवायचे तर प्रत्येक भोक विचार करून पाडावे लागते.


शेजारीण :

मी गावातच राहते, म्हणून खर्चाची बाजू लिहिते. १९६० पासून या जागेचा कारभार ना-नफा तत्त्वावर स्वतंत्र विश्वस्त मंडळ पाहते. दहा खोल्या मुक्कामाला आहेत. उत्पन्नाचा मोठा आधार जेवण, लग्ने आणि समारंभ. १९७३ मध्ये सारा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत गेला. अशा यादीमुळे मान मिळतो, पण छपराचा खर्च यादी देत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २००० साली एक कायदा झाला, त्यानुसार गावाने ठरवले तर मालमत्ता करावर तीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावून तो पैसा ऐतिहासिक वास्तू, मोकळ्या जमिनी आणि परवडणारी घरे यांवर खर्च करता येतो. सडबरीने तो कायदा स्वीकारला आहे. म्हणजे येथे घर घेतलेले मराठी कुटुंबही दरवर्षी थोडा वाटा उचलते, त्यामुळे ‘त्यांचा वारसा’ असे म्हणून आपल्याला लांब राहता येत नाही. मतदार असाल तर गावसभेत हात वर करायचा अधिकार आहे, तो वापरावा.

दरवर्षी एप्रिलमध्ये सडबरीच्या तुकड्यांचा पोशाख केलेली मंडळी पहाटे कॉन्कर्डकडे चालत निघतात. बासरी-ढोलांचा आवाज ऐकूनच आमच्याकडे त्या दिवशी जाग येते.

आता एक तक्रार, पाहुण्यांविषयी. हाऊ घराण्यातल्या जेरुशा या अविवाहित मुलीचा वावर वरच्या जुन्या खोल्यांत जाणवतो, अशी आख्यायिका आहे आणि त्या खोल्यांत मुक्काम करणारे लोक टेबलाच्या खणांत, फटींत चिठ्ठ्या लपवून ठेवतात. प्रथा गोड आहे. पण ज्या तुळयांच्या खाचा वाचवण्यासाठी तज्ज्ञ मंडळी झटतात, त्यांच्यात कागद कोंबणे थांबवायला हवे. खणापुरते ठीक.


शंकासूर :

वास्तुरेषा आणि शेजारीण यांचे प्रतिसाद वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला आहे, तरी एक प्रश्न उरतो. थर दाखवायचे म्हणजे प्रत्यक्षात कसे? पाहुणा जेवायला येतो, तो फलक वाचायला येत नाही. आणि १९५५ पूर्वीचे नेमके काय होते, याचा पुरावा तरी उपलब्ध आहे का?


घाटवाट :

पुरावा आहे आणि तो मुख्यतः फोर्ड यांच्यामुळेच आहे. त्यांना प्रत्येक गोष्टीचा हिशेब हवा असे, म्हणून त्यांच्या काळात टॅव्हर्नच्या व्यवस्थापक बायका रोजची टिपणे लिहीत: कोण पाहुणे आले, हवा कशी होती, कोणती दुरुस्ती झाली, शाळेतल्या मुलांनी काय केले. ही दैनंदिनी जपलेली आहे. तिच्यात इतिहासप्रसिद्ध माणसे थोडी आणि छपरावरचा बर्फ, शेकोटीचे लाकूड, नाष्ट्याची गर्दी हेच जास्त सापडते. जतन करणाऱ्याला नेमके तेच लागते.

दाखवण्याच्या पद्धतीबद्दल माझी सूचना साधी आहे. जेवणाच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला घराचा एक आराखडा छापावा आणि त्यात हाऊ, लेमन, फोर्ड आणि १९५८ असे चार रंग भरावेत. जेवण यायला वीस मिनिटे लागतातच. तेवढ्यात पाहुणा आपण कोणत्या रंगात बसलो आहोत ते शोधेल. तोच आराखडा आवारात फिरतानाही हाती राहील, आणि चक्की, शाळा, प्रार्थनागृह या तिन्ही गोष्टी त्यात आपोआप फोर्ड यांच्या रंगात जातील.


शेजारीण :

ही कल्पना विश्वस्त मंडळाला पत्राने कळवायला मी तयार आहे. मसुदा येथेच टाकते. वास्तुरेषा यांनी इमारतीच्या भागांची नावे आणि वर्षे तपासून द्यावीत, आणि मीटरगेज यांनी मुलांच्या शाळेबद्दलचा परिच्छेद लिहावा. बंधारा आराखड्यात घ्यायचा की नाही, ते तेवढे ठरवून सांगा.


मीटरगेज :

घ्यायचा. कोपऱ्यात लहानसा का होईना.